खिशातला कान

माणसाने अद्याप न लावलेल्या शोधांची यादी करणे हा आमच्या मित्रमंडळींचा जुना आणि सर्वस्वी निरुपद्रवी उद्योग आहे. त्या यादीत हाक मारताच ओ देणारा चष्मा आहे, निजलेल्याला न उठवता त्याचे घोरणे थांबवणारी उशी आहे, फणस न फोडता तो कापा की बरका हे सांगणारी काठी आहे, आणि दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याचा मुक्काम किती दिवसांचा हे उंबऱ्यातच जाहीर करणारी घंटाही आहे. यादी दरवर्षी वाढते. तिच्यातील एकही वस्तू आमच्यापैकी कोणी करू धजलेला नाही, कारण आम्ही सारे बोलघेवडे; हातात पाना-पक्कड घेणारे आमच्यात कोणी नाही. तरीही अशा याद्या आम्हांला मोलाच्या वाटतात. त्या वाचून यंत्रशास्त्र कळत नाही, पण कोणाला कोठे काय टोचते आहे ते मात्र अचूक कळते.

हा उद्योग आम्हीच सुरू केला असेही नाही. फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये, त्याचा ‘न्यू अटलांटिस’ हा अपुरा राहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एका काल्पनिक बेटावरील विद्वानांचे वर्णन आहे आणि त्यांच्या हाती असलेल्या अद्भुत वस्तूंची एक लांबलचक जंत्री आहे. हवेत उडण्याची सोय, पाण्याखालून जाणाऱ्या नौका, नळ्यांवाटे दूरवर नेलेले आवाज, आणि कानाला लावताच ऐकणे पुष्कळ वाढवणारी साधने. चारशे वर्षांनंतर आज ती जंत्री घेऊन बसावे आणि जे झाले त्यापुढे खूण करीत जावे, तर पेन्सिल फारशी थांबत नाही. विमान झाले, पाणबुडी झाली, दूरध्वनी झाला. कानाला लावण्याच्या साधनापाशीही कोणीही सुशिक्षित मनुष्य निःशंकपणे खूण करील. औषधांच्या दुकानाशेजारी त्याची पाटी असते, सरकारी योजनांत त्याचे वाटप होते, आजोबांच्या कानामागे ते दिसते.

आमची पेन्सिल नेमकी तेथेच अडते. जगाने झाला म्हणून मानलेला आणि वास्तविक अजून न झालेला असा हा शोध आहे, असे आमचे मत आहे. त्या मताला कारण आमच्या घरातच आहे. ते कारण म्हणजे आमचे वडील, अण्णा.

अण्णा सोलापूरच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते तेथे लागले आणि गिरणी बंद पडेपर्यंत, म्हणजे तीसहून अधिक वर्षे, त्यांनी साचे चालवले. ज्यांनी चालू साचेखाते पाहिलेले नाही त्यांना त्या आवाजाची कल्पना देणे कठीण आहे. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, तेथे आपटतो, पुन्हा परत फेकला जातो. एका साच्यावर हे मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा घडते, आणि एका छताखाली असे शेकडो साचे असतात. जुन्या पद्धतीच्या साच्यांच्या खात्यात आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या आसपास जाते. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडले तरी शब्द पोचत नाही. म्हणून विणकर ओठांनी आणि बोटांनी बोलत. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात गिरणीकामगारांची ओठ मुद्दाम ठळक हलवून बोलण्याची रीतच पडून गेली होती, आणि सोलापुरात अण्णांच्या खात्यातही तेच चाले. ‘चहा’ म्हणजे अंगठा ओठाला, ‘मुकादम आला’ म्हणजे मिशीवरून फिरवलेले बोट. मुकादमाला मिशी नव्हती, पण खूण आधीच्या मुकादमापासून चालत आली होती.

कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या एका नळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेचे मज्जातंतूला कळेल अशा भाषेत रूपांतर त्या करतात. वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसला की त्या मरतात, आणि सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. १९८८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवणारे शोधनिबंध प्रसिद्ध झाले, तेव्हापासून कोंबडीला जे साधते ते माणसाला का साधत नाही या प्रश्नामागे शास्त्रज्ञ लागलेले आहेत. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत बसतो. आपल्या भाषेतील स्वर खालच्या पट्टीत राहतात. स, श, फ, त, क यांची ओळख मात्र वरच्या पट्टीवर अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाही. ‘आ’ आला एवढे समजते. तो कोणत्या व्यंजनावर बसून आला ते समजत नाही.

आमची मुलगी दहावीचा निकाल घेऊन धावत आली आणि म्हणाली, “आजोबा, मी पास झाले!” अण्णा लगबगीने उठले, तिच्या कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाले, “अगं, पोरीला ताप आलाय म्हणते. क्रोसिन कुठाय?” घर हसले. अण्णाही हसले, पण सर्वांनंतर, आणि कशाला हसायचे ते इतरांच्या चेहऱ्यांवरून ठरवून. मराठी रंगभूमीने बहिऱ्या म्हाताऱ्यावर पुष्कळ टाळ्या मिळवल्या आहेत. आंधळ्याला आपण दया देतो, बहिऱ्याला मात्र हशा देतो. हा पंक्तिभेद कोणी केला ठाऊक नाही, पण त्याचा परिणाम आम्ही घरात पाहिला: चुकीचे उत्तर देण्यापेक्षा उत्तरच न देणे बरे असे अण्णांना वाटू लागले.

तेव्हा कानाचे मशीन आले. चाचणी झाली, आलेख निघाला, त्या आलेखाबरहुकूम यंत्र जुळवले गेले. पहिले दोन दिवस नवलाईचे होते. अण्णांना कित्येक वर्षांनी आपल्या चपलांचा आवाज ऐकू आला. मग तक्रारी सुरू झाल्या. कुकरची शिट्टी भाल्यासारखी घुसे. वर्तमानपत्राचे पान उलटले की कोणी कापड फाडतो आहे असे वाटे. आणि एका लग्नात, कार्यालयाच्या त्या प्रचंड दालनात, बँड, ताटे, मुले, आहेराच्या घोषणा आणि अडीचशे माणसांचे बोलणे यांच्या कल्लोळात अण्णांनी शांतपणे यंत्र काढले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. आमची मावशी शेजारी बसून त्यांच्याशी बोलतच होती. तेव्हापासून चार माणसे जमली की अण्णांचा कान खिशात जातो. ज्या प्रसंगांसाठी ते यंत्र घेतले, नेमक्या त्या प्रसंगी ते खिशात असते.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे आपण म्हणतो. ही म्हण रचणाऱ्याचे कान शाबूत असले पाहिजेत. शाबूत कानाचा मनुष्य जनाचे सगळे कधीच ऐकत नसतो. तोही मनाचेच ऐकतो. पंगतीत पन्नास जण बोलत असतात, त्यांतून समोरच्याचे बोलणे तो उचलतो आणि उरलेल्यांचा एक धूसर पडदा करून मागे टाकतो. इंग्लंडच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये या कौशल्याची शास्त्रीय तपासणी केली. ऐकणाऱ्याच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे सोडली आणि एकाकडे लक्ष द्यायला सांगितले. दुसऱ्या कानातील भाषण मध्येच इंग्रजीतून जर्मनमध्ये गेले तरी ते ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दाखवले की त्या टाकून दिलेल्या कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू येते. म्हणजे पडद्याआड कोणीतरी पहाऱ्यावर असतो. मराठीने हे फार पूर्वीच ओळखले असावे. आपण कान ‘देतो’. कान असणे वेगळे आणि कान देणे वेगळे. दुकानात मिळते ते पहिले. दुसरे अजून कोणी केलेले नाही.

का केले नाही, असे वाचक विचारील. अडचण साधी आणि भयंकर आहे. हवेत दोन आवाज भेटले की त्यांची बेरीज होते, आणि कानाच्या पडद्याला फक्त ती बेरीज मिळते. बारा हा आकडा हाती देऊन तो कोणत्या दोन संख्यांच्या बेरजेने झाला असे विचारण्यासारखा हा प्रकार आहे. आपला मेंदू तो सोडवतो, कारण त्याच्याकडे इतर पुरावे असतात. डावीकडचा आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळाने उशिरा पोचतो, तेवढ्यावरून तो दिशा ठरवतो. बोलणाऱ्याची पट्टी, लय, ओठ, आणि तो पुढे काय बोलणार याचा अंदाज, हे सारे तो हिशेबात धरतो. यंत्राला हेच काम मोठ्या टिकलीएवढ्या सेलवर, आणि तेही सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात उरकायचे असते. त्याहून उशीर झाला तर आवाज प्रतिध्वनीसारखा येऊ लागतो.

संशोधक हातावर हात ठेवून बसले आहेत असे मुळीच नाही. पुढचा आवाज अधिक घेणारे आणि मागचा कमी घेणारे दुहेरी मायक्रोफोन कधीचेच आले. अलीकडच्या काही यंत्रांत गोंगाटातून मनुष्यवाणी वेगळी काढायला शिकवलेली संगणकी जाळी बसवलेली असतात, आणि पंख्याची घरघर, मोटारींचा आवाज ती खरोखरच मागे सारतात. परंतु लग्नाच्या कार्यालयात गोंगाट हाच मुळी मनुष्यवाणीचा असतो. तेथे यंत्राला ‘वाणी कोणती’ एवढे कळून भागत नाही, ‘कोणाची’ हे कळावे लागते. २०२४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी एक नमुना-यंत्र दाखवले: ज्याचे ऐकायचे त्याच्याकडे तीन ते पाच सेकंद तोंड करून बघायचे, यंत्र त्याचा आवाज ओळखून ठेवते, आणि मग तोच ऐकवीत राहते. त्याआधी २०१२ मध्ये निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी, शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर विद्युद्दर्शक ठेवलेले होते अशा रुग्णांत, त्या क्षणी लक्ष कोणत्या वक्त्याकडे आहे हे मेंदूच्या संदेशांवरून वाचता येते असे दाखवून दिले. दोन्ही कामे थक्क करणारी आहेत. पण कवटीच्या आत तारा घालून वरातीला जाता येत नाही. आणि तीन सेकंद टक लावून पाहण्याचे म्हणाल, तर आमच्याकडील बैठकीत ज्याच्याकडे पाहावे तो बोलत नसतो. बोलणारा मागच्या दारातून आत येत असतो.

शिवाय बैठकीचे सुख एकाचे ऐकण्यात नाही. चार ठिकाणी चार गप्पा चाललेल्या असतात आणि कान इकडून तिकडे, कोणाची परवानगी न घेता, हिंडत असतो. एका विषयावर मान डोलावीत असताना शेजारच्या घोळक्यात कोणाचे तरी लग्न जमल्याची बातमी तो उचलून आणतो. हे हिंडणे आपण ठरवून करीत नाही. म्हणजे खरे श्रवणयंत्र व्हायचे तर त्याला आपली इच्छा आपल्याला कळण्याच्या आधी कळली पाहिजे. असे यंत्र आमच्या यादीत आम्ही फार वरच्या जागी लिहून ठेवले होते.

परंतु घरात एक गोष्ट अशी घडत होती, की जी या साऱ्या विचारात कोठेच बसेना. दिवसा, माणसांत, खिशात जाणारे ते यंत्र अण्णा रात्री कानात घालीत. जेवणे आटोपली, दिवे मालवले, बोलणारे कोणी उरले नाही, की ते सदऱ्याच्या खिशातून यंत्र काढायचे, कानात बसवायचे आणि अंथरुणावर पडून राहायचे. सेल आठवड्याच्या आत संपू लागले. आई म्हणायची, “झोपेत कुणाचं ऐकणार आहात?” अण्णांना ते ऐकू गेले असले तरी ते उत्तर देत नसत.

एकदा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसलो. मोठ्या अक्षरांत लिहिले: “अण्णा, अजून कुणी न केलेलं एक यंत्र तुम्हांला मिळणार असेल, तर कोणतं मागाल?” त्यांनी ते दोनदा वाचले. मग कानाकडे बोट करून म्हणाले, “भोंगा बंद करायचं मिळतं का बघ.”

“कोणता भोंगा?”

“गिरणीचा. गिरणी बंद झाली, भोंगा चालूच आहे की. बारीक आहे, पण थांबत नाही. माणसं बोलत असली की जरा विसरायला होतं. रात्री सगळं गप झालं की तो सुरू. मशीन घातलं की पंख्याचा आवाज येतो, भिंतीवरच्या घड्याळाचा येतो, रस्त्यावरच्या गाडीचा येतो. त्यात तो बुडतो. तेवढीच झोप लागते.”

वैद्यक याला कर्णनाद म्हणते. बाहेरून येणारी वरच्या पट्टीची खबर बंद पडली की मेंदू ती मिळवण्यासाठी आपल्याच आतील पातळी वाढवीत नेतो, आणि त्या वाढवलेल्या रिकाम्या वाहिनीचा आवाज माणसाला ऐकू येऊ लागतो, असे अनेक संशोधक मानतात. हा आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही. तो बिनचूक मोजणारे यंत्र दवाखान्यात नाही; रुग्णाच्या सांगण्यावरच भिस्त ठेवावी लागते. तो मुळापासून बंद करणारे औषध नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका उपकरणाला मान्यता दिली, त्यात कानात ध्वनी सोडतात आणि त्याच वेळी जिभेला विजेचे सौम्य स्पंद देतात. त्याने काहींचा त्रास हलका होतो. हलका होणे वेगळे आणि भोंगा थांबणे वेगळे. भोंगा थांबवणारे बटन, ज्याचा बेकनच्या विद्वानांनाही विचार सुचला नव्हता, ते आजही कोणी केलेले नाही.

‘गरज ही शोधाची जननी’ हे वाक्य शाळेच्या फळ्यावर आपण सर्वांनी वाचले आहे. जननी ठीक, पण या बाळांचे संगोपन भलत्याच घरी होते असा अनुभव आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आईला नीट ऐकू येत नसे आणि पत्नी लहानपणापासून बहिरी होती. बहिऱ्यांना बोलायला शिकवणे हा त्यांचा व्यवसाय होता. ध्वनीच्या त्या नादातून १८७६ मध्ये दूरध्वनी निघाला, आणि तो साऱ्या जगाने वापरला, एक त्यांच्या पत्नीला वापरता आला नाही. उलटही घडले आहे. ट्रान्झिस्टर रेडिओत शिरला १९५४ मध्ये, आणि त्याच्याही आधी तो श्रवणयंत्रात बसला होता. म्हणजे कानाचे दैव सदैव फुटकेच असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक ऐकू येत नाही, आणि त्यांतील सुमारे ४३ कोटींना उपचाराची वा साधनाची गरज आहे. इतके गिऱ्हाईक असलेली वस्तू आज ना उद्या कोणीतरी करीलच. लग्नाच्या कार्यालयात खिशात न जाणारा कान येईल, याविषयी आम्हांला फारशी शंका नाही.

शंका आहे ती दुसऱ्या यंत्राविषयी. ऐकू न येणे बाहेरून दिसते; घरच्यांना त्याचा त्रास होतो, म्हणून घरचे दुकानात जातात, म्हणून दुकान चालते आणि प्रयोगशाळाही चालते. अण्णांच्या भोंग्याचा त्रास अण्णांखेरीज कोणालाच नव्हता. तो त्यांनी कितीतरी वर्षे कोणाला सांगितला नाही, कारण साचेखात्यातल्या सगळ्यांनाच तो आहे असे ते समजत होते. आणि ते खरेही असावे. शोध लागण्यापूर्वी इच्छा कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवावी लागते. न लागलेल्या शोधांत किती तरी असे असतील, की ज्यांच्या इच्छाच अजून कोणाच्या तोंडून बाहेर पडलेल्या नाहीत. तशा याद्या मित्रमंडळींत बसून होत नाहीत. त्यासाठी एकेकाकडे कागद-पेन्सिल घेऊन जावे लागते.

असो. आमच्या यादीत वरच्या जागी आता भोंग्याचे बटन आहे. हाक मारताच ओ देणारा चष्मा तूर्त खाली सरकला आहे. अण्णांनी यंत्राचा तपशीलही सांगून ठेवला आहे. ते खिशात मावणारे असावे, सेल स्वस्त असावा, आणि बटन मोठे असावे, कारण साच्यावर गेलेल्या बोटांना बारीक बटन कळत नाही. तोवर त्यांच्या खोलीतला पंखा पौषातही चालू असतो, आणि आई दोन घोंगड्या घेऊन झोपते.